स्टारशिपचा चीफ इंजिनिअर खेळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी दुपारी कर्वेनगरातल्या एका फ्लॅटमध्ये, जेवणाचं टेबल पुसून झालं की त्यावर आमचं जहाज मांडलं जातं. जहाजाचं नाव 'इंद्रायणी', दोनशे टनी मालवाहू. हा टेबलावर बोलून खेळायचा रोल-प्लेइंग गेम आहे. एक जण गोष्ट सांगत खेळ चालवतो, आम्ही चौघं तिच्यातली पात्रं होऊन खेळतो, आणि अवघड काम जमलं की नाही ते फासे टाकून, म्हणजे 'रोल' करून, ठरतं. मी तिची चीफ इंजिनिअर, आणि जहाजावर सगळे मला 'मावशी' म्हणतात. आठवडाभर भोसरीतल्या कारखान्यात मेंटेनन्स बघते. टेबलावर कुणी नवीन आलं आणि त्याच्या वाट्याला इंजिनरूम आली की प्रश्न ठरलेले असतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते.

चीफ इंजिनिअरने नक्की करायचं काय? मोडलं की दुरुस्त करायचं, एवढंच ना?

नाही. दुरुस्ती हा या कामाचा लहानसा भाग आहे. कुठे जायचं ते कॅप्टन ठरवतो, कसं जायचं ते पायलट बघते. तिथे पोचायला काय मोजावं लागेल ते इंजिनिअर सांगतो. इंधन, वेळ, सुटे भाग, हवा, माणसांची झोप, सगळं त्यात आलं.

'इंजिन सुरू होईल' असं तुम्ही म्हणालात तर खेळ जागच्या जागी राहतो. 'इंजिन सुरू होईल, पण त्यासाठी मालाच्या खणाची हीटिंग बंद करावी लागेल आणि तिथे आंब्याची चारशे कलमं आहेत' असं म्हणालात की टेबलावरचे सगळे सरसावून बसतात. कलमं ज्याने विकत घेतली तो बोलायला लागतो, ज्याला लवकर पोचायचंय तो बोलायला लागतो. तुम्ही फासा उचललेला नसतो, तरी तो प्रसंग तुमचा असतो. माझ्या मते या भूमिकेचं सगळं मर्म इथे आहे: प्रत्येक पर्याय त्याच्या किमतीसकट समोर ठेवायचा आणि निवड इतरांना करू द्यायची.

मी कॉमर्सचा आहे. इंजिनिअरिंगमधलं काही कळत नाही. जमेल का?

अगदी जमेल. आमच्याकडे सहा महिने हे पात्र बी.कॉम.च्या एका मुलाने खेळलं. तो जहाजाकडे खातेवहीसारखं बघायचा, शिल्लक किती, येणं किती, कुठून उचलायचं. इंजिनिअरिंग शिकलेले पुष्कळ जण आकड्यांवरून वाद घालत बसतात. त्याने तसं एकदाही केलं नाही.

आणि पुण्यात घर चालवणाऱ्या माणसाला लाइफ सपोर्ट, म्हणजे जहाजावरची हवा-पाणी पुरवणं, वेगळा शिकवावा लागत नाही. गुरुवारी पाणी बंद असल्याचं कळलं की बुधवारी रात्री आपण काय करतो? पिंप भरतो, बादल्या भरतो, पिण्याचं वेगळं झाकून ठेवतो, भांड्यांचं पाणी बाथरूमला वापरायचं ठरवतो, आणि शुक्रवारी पहिलं पाणी गढूळ येईल हेही धरून चालतो. तोच विचार अंतराळात न्या.

कोणता गेम घ्यावा?

इंजिनिअरला खरं काम हवं असेल तर 'ट्रॅव्हलर'. तो १९७७ साली अमेरिकेत आला आणि त्याच्या नंतरच्या आवृत्त्या आजही मिळतात. दोन साधे फासे टाकायचे, त्यात पात्राच्या कौशल्याचा आकडा मिळवायचा, बेरीज आठ किंवा जास्त आली की काम झालं. एका ताऱ्याहून दुसऱ्याकडे उडी मारायला साधारण एक आठवडा लागतो, मग अंतर कितीही असो. प्रत्येक पार्सेकसाठी, म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षांसाठी, जहाजाच्या एकूण टनेजच्या दहा टक्के द्रवरूप हायड्रोजन जळतो. दोनशे टनी 'इंद्रायणी'ला एका पार्सेकला वीस टन लागतात. जुन्या नियमांत वर्षातून दोन आठवडे जहाज ओव्हरहॉलिंगला लावावं लागतं आणि जहाजाच्या किमतीच्या ०.१ टक्के खर्च येतो. जहाज कर्जावर घेतलं असेल तर ४८० हप्ते. चाळीस वर्षं! इतकी साधी आकडेमोड आहे, पण इंजिनिअरच्या बोलण्याला वजन त्यातूनच येतं.

लढाया जास्त आवडत असतील तर २०१७ चा 'स्टारफाइंडर' बघा. त्याच्या पहिल्या आवृत्तीत जहाजांच्या लढाईत दर फेरीला आधी इंजिनिअरची पाळी, मग पायलटची, मग तोफांची. नुसता हा क्रम वाचूनसुद्धा मला समाधान वाटलं होतं.

लढाई सुरू झाली की बाकीचे गोळीबार करतात आणि मी 'रिपेअर' म्हणून एक रोल टाकून गप्प बसतो. काय करू?

ही तक्रार सर्वांत जास्त ऐकली आहे आणि ती खरी आहे. 'बिघडलं, रोल टाका, झालं' असं केलं तर इंजिनिअर नुसता फासे टाकणारा हात उरतो. त्याला दर फेरीला निवड हवी.

आमचा उपाय सांगते. आमच्या घरी कॅरमचा जुना संच आहे. त्यातल्या नऊ पांढऱ्या सोंगट्या म्हणजे रिॲक्टरची वीज. इंजिनाला चार, तोफांना तीन, सेन्सरना दोन, हवेला एक. बेरीज करून बघा, गरज दहाची आहे आणि सोंगट्या नऊ. म्हणजे जहाज धडधाकट असतानाही प्रत्येक फेरीला मला कुणाला तरी 'नाही' म्हणावं लागतं. दणका बसला की खेळ चालवणारा एक पांढरी उचलून घेतो. नऊ काळ्या सोंगट्या म्हणजे साठलेली उष्णता, दर फेरीला एक मांडायची. नवव्या काळीनंतर लाल राणी येते आणि रिॲक्टर आपोआप बंद पडतो.

हे सुरू केल्यावर पहिल्याच लढाईत पायलट माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, एक सोंगटी द्या ना, फक्त या वळणापुरती." मी हवेची दिली. ती परत कधी मिळेल याची पुढच्या दोन फेऱ्या सगळ्यांनाच काळजी होती. त्या दिवशी मी एकही गोळी झाडली नाही आणि क्षणभरही रिकामी बसले नाही.

दुसरी गोष्ट, वेळ. काम घाईत केलं तर रोलमधून दोन वजा, सावकाश केलं तर दोन अधिक, असा आमचा नियम आहे. कौशल्य दोन असेल तर 'आठ किंवा जास्त' येण्याची शक्यता नेहमीच्या वेगाने ७२ टक्के, घाईत ४२, आणि सावकाश ९२. हे तीन आकडे कागदावर लिहून कॅप्टनसमोर सरकवा. शत्रू तीन फेऱ्यांवर असताना ४२ की ७२, याचं उत्तर सोपं नसतं.

कॅप्टनने वेळ विचारला की तो दुप्पट सांगायचा आणि मग अर्ध्यात काम करून दाखवायचं, असं करतात ना?

करतात. मला ते पटत नाही. दोन वेळा तसं केलं की कॅप्टन तुमचा आकडा मनातल्या मनात निम्मा करायला लागतो. मग तिसऱ्या वेळी सहा तास म्हणजे खरोखरच सहा तास असतात आणि तो तीन तासांनी इंजिन सुरू करायला सांगतो. कारखान्यातही हेच होतं. मेंटेनन्सचा शब्द एकदा घसरला की प्रॉडक्शनवाले विचारायचंच सोडून देतात.

त्यापेक्षा कामाचे दर्जे सांगा. आमच्या एका सेशनमधलं बोलणं मला अजून आठवतं:

"मावशी, किती वेळ?"

"नीट करायचं तर सहा तास. चालेल इतपत करायचं तर दीड. पण दीडवालं तीन दिवस टिकेल, जास्त नाही."

"आणि बंदर किती दिवसांवर आहे?"

"ते पायलटला विचार. मी टिकेल किती ते सांगते."

पायलट म्हणाली, चार दिवस. पुढचा अर्धा तास त्या एका दिवसाच्या फरकावर गेला, आणि तो आमचा सर्वांत रंगलेला अर्धा तास होता.

तांत्रिक शब्द कुठून आणू? मराठीत बोलू की इंग्रजीत?

वर्कशॉपमध्ये लोक बोलतात तसं बोला. गॅस्केट गेलं, बेअरिंग वाजतंय, व्हॉल्व्ह चिकटलाय, बोल्टचे आटे गेलेत, प्रेशर धरत नाही, लाइनीत हवा अडकलीय. हे शब्द सगळ्यांना कळतात आणि त्यातून काय झालंय ते डोळ्यांसमोर येतं. 'क्वांटम फ्लक्स अस्थिर झाला आहे' या वाक्यातून कुणालाच काही दिसत नाही, त्यामुळे पुढे काय करावं तेही सुचत नाही. काल्पनिक यंत्र एकच ठेवा, उडी मारणारं. बाकी पंप, पंखे, पाइप आणि केबल.

शब्दापेक्षा कृती सांगितली तर फार फरक पडतो. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या विभागातले एक जुने फिटर लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचे. त्याचं टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. सगळ्या शॉपचा गोंगाट चाललेला असायचा, आणि ते सांगायचे, "बाहेरची रिंग खातेय, आठ दिवस चालेल." मग आठवड्याभरात बदलायची तयारी ठेवायची. माझं पात्र हेच करतं. खेळ चालवणाऱ्याने "इंजिनात काहीतरी वेगळं जाणवतंय" म्हटलं की मी पेन्सिल कानामागे लावते आणि डोळे मिटते. टेबल शांत होतं. मग रोल.

रोल फसला की माझं पात्र अडाणी ठरतं. हे कसं टाळायचं?

फसलेल्या रोलचा अर्थ बदला. वीस वर्षं इंजिनरूममध्ये काढलेल्या माणसाला पाना कसा धरायचा ते येतंच. चुकतं ते दुसरंच काहीतरी. भाग ज्या मापाचा हवा होता त्या मापाचा निघाला नाही, वेळ दुप्पट गेला, किंवा काम झालं पण तात्पुरतं झालं. यातलं काय घडलं ते खेळाडूने स्वतः सुचवावं, खेळ चालवणाऱ्याने मान्य करावं.

तात्पुरत्या कामाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण ते मी भोगलेलं आहे. पूर्वी एका कारखान्यात रात्रपाळीला कॉम्प्रेसरचं गॅस्केट गेलं. स्टोअरला योग्य शीट नव्हती. जी रबरशीट हाताशी होती तीच कापून बसवली आणि मशीन सुरू करून दिलं. तेल आणि उष्णता मिळाल्यावर ते रबर फुगलं, मऊ पडलं आणि पहाटेपर्यंत सगळीकडून तेल झिरपायला लागलं. सकाळच्या शिफ्टला हँडओव्हर देताना मी कापलेल्या शीटबद्दल लिहिलं नव्हतं. त्यामुळे त्यांनी आधी दोन तास भलतीकडेच शोधाशोध केली.

म्हणून आमच्या खेळात प्रत्येक तात्पुरत्या कामाला मुदत असते. काम केलं की एक फासा टाकायचा, जितके पडले तितके दिवस ते टिकणार. तो आकडा लॉगबुकमध्ये लिहायचा आणि रोज एकने कमी करायचा. लिहायला विसरलात तर ती मुदत कधी संपणार ते खेळ चालवणारा ठरवतो.

लॉगबुक म्हणजे खरीखुरी वही का?

हो. अप्पा बळवंत चौकातून आणलेली दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या बांधणीची. डाव्या पानावर तारीख, इंधन, हवा, तात्पुरती कामं आणि त्यांचे उरलेले दिवस. उजव्या पानावर सुट्या भागांची यादी. हत्यारांची यादी वेगळी. मागच्या वर्षी आमच्या कॅप्टनने १९ नंबरचा पाना एका चाच्याच्या डोक्यात घातला आणि तिथेच टाकून आला. तेव्हापासून दर सेशनला त्या ओळीसमोर मी 'नाही' लिहिते, आणि १९ चा बोल्ट खोलायची वेळ आली की एक रोल कठीण होतो.

विज्ञान किती खरं असावं?

दोन गोष्टी खऱ्या ठेवल्या तरी पुरे, उष्णता आणि हवा.

अंतराळ थंड असतं म्हणून जहाजही थंड पडेल असं वाटतं. पण शाळेत शिकलेलं आठवा: वहन, अभिसरण, प्रारण. निर्वातात पहिली दोन बंद, उरतं फक्त प्रारण. जहाज म्हणजे मोठा थर्मास आहे, आतला चहा निवत नाही. म्हणून रेडिएटरची लांब पानं बाहेर पसरावी लागतात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर अमोनिया फिरवून हीच सोय केली आहे. प्रारण तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं, केल्विनमध्ये तापमान दुप्पट झालं तर सोळापट उष्णता बाहेर जाते. म्हणजे छोटा रेडिएटर हवा असेल तर तो भयंकर तापलेला हवा. आणि लढाईत ती नाजूक पानं मिटून घ्यावी लागली की काळ्या सोंगट्या साठायला लागतात.

हवेचं म्हणाल तर एका माणसाला दिवसाला साधारण ०.८४ किलो ऑक्सिजन लागतो आणि तो एक किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो. बंद जागेत ऑक्सिजन संपायच्या आधी हा साठलेला वायू घात करतो. आधी डोकं दुखतं, मग विचार सुचत नाही. टेबलावर हे फार परिणामकारक ठरतं, कारण इंजिनिअरचं डोकं ज्या वेळी सर्वांत जास्त चालायला हवं, नेमकं त्याच वेळी ते चालेनासं होतं.

कोणते खरे प्रसंग वाचावेत?

अपोलो १३, एप्रिल १९७०. चंद्राकडे निघालेल्या या अमेरिकी यानात ऑक्सिजनच्या टाकीचा स्फोट झाल्यावर तिघा अंतराळवीरांनी चांद्रयानात, म्हणजे चंद्रावर उतरण्यासाठी सोबत जोडलेल्या छोट्या यानात, आसरा घेतला, आणि ते दोघांसाठी बनवलेलं होतं. हवा शुद्ध करणारे मुख्य यानातले डबे चौकोनी, चांद्रयानातली जागा गोल. जमिनीवरच्या इंजिनिअरांनी यानात असलेल्याच वस्तू घेतल्या, प्लास्टिकची पिशवी, पुठ्ठा, नळी, चिकटपट्टी. त्यातून जोड तयार केला आणि तो कसा बनवायचा ते रेडिओवरून पायरी-पायरीने वाचून दाखवलं. हा शेवटचा भाग खेळात जरूर आणा. इंजिनिअर एका ठिकाणी अडकलाय, बिघाड दुसरीकडे आहे, आणि स्वयंपाक्याला नाहीतर डॉक्टरला रेडिओवरून सांगून काम करून घ्यायचंय. याहून चांगला प्रसंग मी खेळलेला नाही.

मंगळयान. त्याचं मुख्य इंजिन सुमारे तीनशे दिवस बंद होतं आणि २४ सप्टेंबर २०१४ ला ते चालायलाच हवं होतं. म्हणून दोन दिवस आधी फक्त चार सेकंदांसाठी ते चालवून पाहिलं. ते बंदच राहिलं असतं तर आठ छोट्या थ्रस्टरांवर काम भागवायची योजनाही तयार होती. दीर्घ प्रवासानंतर इंजिन सुरू करण्याआधी तुमच्या पात्राने चार सेकंदांची चाचणी मागावी. खेळ चालवणाऱ्याला त्यातून कथानकाचा धागा मिळतो.

आणि व्हॉयेजर १, दूरच्या अंतराळात गेलेलं नासाचं यान. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच्याकडून निरर्थक माहिती यायला लागली. स्मृतीतली एक चिप खराब झाली होती. त्या चिपवरचा प्रोग्रॅम एकसंध मावेल अशी दुसरी जागा नव्हती, म्हणून त्याचे तुकडे करून ते जागा मिळेल तिथे ठेवले आणि एकमेकांशी जोडले. संदेश पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला तेवढेच. १९७७ साली सोडलेलं यंत्र २०२४ च्या एप्रिलमध्ये पुन्हा नीट बोलायला लागलं. त्या बातमीच्या दिवशी आम्ही सेशन अर्धा तास उशिरा सुरू केलं, कारण मला ती सगळ्यांना सांगायचीच होती.

मी जास्त बोललो की बाकीच्यांना कंटाळा येतो.

कारण कमी सांगा, परिणाम सांगा. एका वेळी दोन वाक्यं. कुणी 'का?' विचारलं तर तिसरं.

खेळ चालवणाऱ्याने काय करावं?

जहाजाला स्वभाव द्यावा. 'इंद्रायणी'चा डावा पंप थंडीत सुरू व्हायला वेळ घेतो आणि हे पहिल्या सेशनपासून ठरलेलं आहे. दर वेळी नवा बिघाड शोधण्यापेक्षा तोच जुना बिघाड अवघड क्षणी परत आणावा. आणि इंजिनिअरने आधीच खबरदारी घेतली असेल तर तिचं फळ उघडपणे द्यावं. "तू मागच्या बंदरात फिल्टर बदललास, म्हणून आत्ता धूर इथे आला नाही." एवढं एक वाक्य ऐकलं की खेळाडू पुढच्या बंदरातही फिल्टरचा विचार करतो.

पुण्यात राहून जहाजाची कल्पना कशी यावी?

तापकीर गल्लीत तासभर फिरा, एकेका छोट्या दुकानात किती प्रकारच्या वायरी आणि कनेक्टर असतात ते बघा. रविवारी जुन्या बाजारात हत्यारं हातात घेऊन त्यांचं वजन अजमावा. आणि जमलं तर नारायणगावजवळ खोडदला जा. तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या आहेत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाची. विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे लोकांसाठी प्रदर्शन भरत आलं आहे. तबकडीकडे नीट पाहा, ती अखंड पत्र्याची नाही, बारीक तारेच्या जाळीची आहे. रेडिओ लहरी लांब असल्याने जाळी त्यांना पुरते, वारा आरपार जातो, वजन वाचतं, खर्च वाचतो. 'काय नसलं तरी चालेल' हा प्रश्न कुणीतरी इतक्या मोठ्या मापात सोडवलेला पाहिला की स्वतःच्या जहाजाकडे बघायची नजर बदलते.

जहाजच गेलं तर? माझं पात्र संपलं का?

'इंद्रायणी'च्या आधी आमचं दुसरं जहाज होतं, 'मुळा'. ते एका वायुरूप ग्रहाच्या वातावरणात इंधन भरताना गेलं. बाकीचे बचावनौकेत बसले होते. मी खेळ चालवणाऱ्याकडे दहा मिनिटं मागितली आणि जहाज क्रमाने बंद केलं. आधी उडीचं यंत्र, मग रिॲक्टर, मग पंप. प्रत्येक स्विचचं नाव मोठ्याने घेतलं. कुणी मध्ये बोललं नाही. कॅप्टन फक्त एकदा म्हणाला, "मावशी, चला आता."

लॉगबुक मी सोबत घेतलं होतं. 'मुळा'ची शेवटची नोंद आहे: 'रिॲक्टर बंद. पंप बंद. दिवे सुरू ठेवले.' पान उलटलं की 'इंद्रायणी'ची पहिली नोंद लागते, बचावनौकेतून आणलेल्या सामानाची: एक पाण्याचा पंप, दोन गॅस्केट, पान्यांचा संच. त्या संचात तेव्हा १९ चा होता.